वैरणीचं वर्षाचं गणित: पूर, ताण आणि उन्हाळा धरून चाऱ्याची पिकं कशी लावायची

कोल्हापूर जिल्ह्यात वैरणीची टंचाई बाराही महिने नसते. कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो तोवर उसाचं वाडं (शेंड्याकडची हिरवी पानं) मुबलक असतं आणि नोव्हेंबर ते मार्च बहुतेक गोठे त्यावर निभावतात. अडतं ते दोन वेळा. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वाडं संपलेलं असतं आणि नदीवर उपसाबंदी (पाणी उपसायला मनाई) लागलेली असते. मग जुलै-ऑगस्टमध्ये रानात एक तर पाणी असतं, नाही तर पाय रुतेल इतका चिखल. यात भर पडली ती पावसाच्या लहरीपणाची. २०१९ आणि २०२१ ला पूर आला, आणि २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. परतीचा पाऊस काढणीतल्या पिकावर येतो, वळीव कधी येतो तर कधी येतच नाही.

म्हणून नवीन गोठा करणाऱ्यानं ‘कुठलं गवत लावू?’ हे नंतर विचारावं. आधी कुठल्या महिन्यात काय कमी पडणार आणि त्याची सोय कुठल्या महिन्यात करायची, हे ठरवावं. एकच भरघोस जातीचं गवत लावून निश्चिंत बसलेला गोठा पहिल्याच वाईट वर्षी पेंढ्या विकत घ्यायला बाहेर पडतो, आणि तेव्हा सगळेच बाहेर पडलेले असतात.

आधी हिशोब कागदावर

दुधाच्या एका मोठ्या म्हशीला किंवा संकरित गाईला दिवसाला साधारण २० किलो हिरवी आणि ६ किलो वाळली वैरण लागते. दुधाप्रमाणे पेंड वेगळी. तीन जनावरं धरली तर रोज ६० किलो हिरवी, म्हणजे वर्षाला सुमारे २२ टन, आणि वाळली साडेसहा टन.

अडचणीच्या दोन काळांसाठी मुरघास, म्हणजे बारीक कुट्टी करून, हवाबंद दाबून मुरवलेली हिरवी वैरण, धरा. मुरघासात पाणी कमी असतं, त्यामुळे २० किलो हिरव्या नेपिअर गवताच्या जागी १५ किलो मुरघास पुरतो. तीन जनावरांना रोज ४५ किलो, म्हणजे उन्हाळ्याच्या ६० दिवसांना २७०० किलो आणि पावसाळ्याच्या ४५ दिवसांना सुमारे २००० किलो. वाया जाणारा भाग धरून साडेपाच टन हिरवा मका कापून भरावा लागेल. नीट आलेला आफ्रिकन टॉल मका गुंठ्याला ५०० किलोच्या आसपास उतरतो, म्हणजे दोन हंगाम मिळून ११ गुंठ्यांचं पीक.

रोजच्या कापणीला संकरित नेपिअर. पुस्तकात एकरी ८० ते १०० टन लिहिलेलं असतं. ते पाणी, खत आणि वेळेवर कापणी हे सगळं जुळलं तरचं आहे. हिशोबात गुंठ्याला वर्षाला दीड टनच धरा. सहा गुंठ्यांतून ९ टन, म्हणजे सरासरी रोज २५ किलो. सरासरी म्हणण्याचं कारण असं की, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नेपिअरची वाढ मंदावते. तेव्हा वाडं असतं, ओट आणि लसूणघासही कापणीला आलेली असते. एकूण जागा १६ ते १८ गुंठे, अर्ध्या एकराच्या आतच. यात बांध धरलेले नाहीत, आणि बांध फुकट सोडण्यासारखे नसतात.

जमीन कुठली, त्यावर पीक

एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शिरोळला ५००-६००. तेव्हा शेजारच्या तालुक्यातल्या माणसाचा सल्ला तुमच्या रानाला लागू पडेलच असं नाही.

डोंगरपट्टा, म्हणजे शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड. तांबडी, जांभी, आम्ल जमीन. पावसाळ्यात पाणी धो-धो वाहून जातं आणि फेब्रुवारीत माती कोरडी ठणठणीत. इथं मुख्य संपत्ती डोंगरी गवताची आहे आणि ती बहुतेक ठिकाणी उशिरा कापली जाते. गवत फुलोऱ्यात असताना, ऑक्टोबरमध्ये चार दिवस ऊन बघून कापलं तर त्यात प्रथिनं राहतात. डिसेंबरात कापलेलं पिवळं गवत पोट भरतं, दूध देत नाही. शिवाय उभं वाळलेलं गवत वणव्याला आमंत्रण. बांधावर आणि उतारावर स्टायलो (फुले क्रांती) टाका. ही द्विदल वैरण आम्ल आणि हलक्या जमिनीत तग धरते. बियाणाचं कवच टणक असतं, म्हणून ८० अंशांच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून, सावलीत सुकवून मग पेरायचं. बी वरच्यावर पेरा. अर्ध्या इंचाखाली गेलं की उगवत नाही.

माळ आणि हलकी ते मध्यम जमीन, म्हणजे कागल, गडहिंग्लज, हातकणंगलेचा वरचा भाग. पाण्याची शाश्वती नाही. इथं ज्वारी, बाजरी, चवळी, मारवेल गवत (फुले गोवर्धन), बांधावर दशरथ घास आणि शेवगा. मका फक्त विहिरीच्या पाण्यावर.

नदीकाठची मळीची काळी जमीन सुपीक, पण पूररेषेत. इथं बहुवार्षिक वैरण लावू नका. नेपिअरला साचलेलं पाणी सोसत नाही, लसूणघासाला तर त्याहून नाही. ही जमीन ऑक्टोबर ते मे अशी वापरा: ओट, मका, उन्हाळी बाजरी. पावसाळ्यात काही हवंच असेल तर ओढ्याच्या कडेला पॅरा गवत. ते पाण्यात उभं राहतं आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडतं. मात्र याच गुणामुळे ते शेजारच्या उसात शिरतं. मधे एक चर ठेवा आणि त्याचे तोडे वेळेवर घ्या.

शिरोळकडची चिबड (पाणी मुरून राहिलेली), क्षारपड जमीन. तिथं मका आणि चवळी पिवळी पडतात. पॅरा गवत, ऱ्होड्स गवत, ओट आणि बांधावर शेवरी त्यातल्या त्यात चालतात. खरा उपाय निचऱ्याचा आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून अशा जमिनी सुधारण्याचं काम त्या तालुक्यात झालेलं आहे. निचरा न करता नुसती क्षार सोसणारी जात शोधत बसणं म्हणजे दरवर्षी थोडं थोडं हरणं.

नेपिअरची लागण

फुले जयवंत, फुले गुणवंत, बायफ-१०, डीएचएन-६, को-५ या माहितीतल्या जाती आहेत. ‘सुपर’ लावून विकल्या जाणाऱ्या कांड्यांना दुप्पट पैसे मोजण्याआधी त्याच पैशात शेणखत किती येईल ते बघा. चांगल्या जातींमधला फरक कापणी आठ दिवस लांबवली की पुसला जातो.

लागण विहीर-बोअरचं पाणी असेल तर फेब्रुवारीत करा. मुळं जूनपर्यंत पक्की होतात आणि पहिला तोडा पावसाआधीच निघतो. काळ्या जमिनीत जूनच्या धारेत लागण केली तर कांड्या कुजतात. हीच जूनची लागण डोंगरपट्ट्यात उताराला चांगली लागते, कारण तिथं पाणी थांबत नाही.

गुंठ्याला २५० किलो कुजलेलं शेणखत मिसळून तीन फुटांवर सऱ्या सोडा. बेणं तीन-चार महिन्यांच्या पक्व ताटाचं घ्या, शेंड्याकडचा कोवळा एक तृतीयांश भाग टाकून द्या. तीन डोळ्यांची कांडी, दोन डोळे मातीत, एक वर, तिरकी खोचायची. कांडी उलटी खोचली तर फूट उशिरा आणि अशक्त येते, म्हणून तोडतानाच खालचं टोक तिरपं छाटा, म्हणजे खोचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. दोन कांड्यांत दोन फूट. एकराला सुमारे ७२६०, म्हणजे गुंठ्याला १८० कांड्या, तुटाळीसाठी (न फुटलेल्या जागा भरायला) वीस जास्त.

पहिल्या ४५ दिवसांत दोन भांगलणी झाल्याच पाहिजेत. नंतर नेपिअर स्वतःच तण दाबतं. पहिला तोडा ६५ ते ७५ दिवसांनी, पुढचे ४५ ते ५० दिवसांनी. जमिनीपासून सहा इंच ठेवून धारदार विळ्यानं कापा. जमिनीलगत कापलं तर खालचे डोळे मरतात आणि पावसात बुडख्यात पाणी जाऊन कूज लागते. फूटभर ठेवलं तर वर बारीक फुटवे येतात आणि बेटं दरवर्षी वर सरकतात. प्रत्येक तोड्यानंतर गुंठ्याला अर्धा किलोपेक्षा थोडा जास्त युरिया (एकरी २२ किलो) वापशावर, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, द्या. पाण्याचा ताण असेल तर देऊ नका, कारण पुढे येईल.

उन्हाळ्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय तुमच्या शेजारीच जाळला जातो. उसाचं पाचट दोन ओळींच्या मधे चार इंच जाड पसरा. ओल टिकते, पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं आणि तण येत नाही. पावसाळ्यात मात्र ते बुडख्याला चिकटू देऊ नका, थोडं मागे ओढा.

सगळा प्लॉट एकदम कापू नका. सहा गुंठ्यांचे सहा वाफे करा आणि दर आठ दिवसांनी एक कापा. ४८ दिवसांनी पहिला पुन्हा तयार. सगळं एकदम कापलं तर अर्धं कोवळं आणि अर्धं बांबूसारखं जनावरापुढे पडतं. तीन-चार वर्षांनी बेटं म्हातारी होतात, तेव्हा दरवर्षी दोन वाफे नवे करत गेलात तर गोठा कधीच रिकामा राहत नाही.

हंगामी पिकं: तारखा फोडून पेरा

मका: आफ्रिकन टॉल, एकरी ३० किलो बी, ओळीत एक फूट. पहिला महिनाभर मक्याला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, दोन दिवस मुळं बुडाली की पीक पिवळं पडतं. म्हणून पावसाळी मका सरीच्या वरंब्यावर टोकावा. २०१८ पासून लष्करी अळी मक्याची कायमची भाडेकरू झाली आहे आणि कोरड्या, उष्ण उघडिपीत ती जोरात असते. पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) भुश्यासारखी विष्ठा दिसली की समजा. वैरणीच्या मक्यावर जहाल औषध मारून तोच मका आठवड्यात कापणं धोक्याचं आहे. पीक गुडघ्याएवढं असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क थेट पोंग्यात जाईल असा मारा आणि दिसेल ती अळी वेचा. औषध मारावंच लागलं तर त्यावर लिहिलेली मुदत संपल्याशिवाय विळा लावू नका.

ज्वारी: रुचिरा, फुले अमृता किंवा फुले गोधन, एकरी १६ किलो. पाऊस थांबला की मका वाळतो. ज्वारी पानं गुंडाळून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. तीच तिची किंमत. पण पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे गेली तर खोडमाशी पोंगे खाते. दोन ओळी ज्वारी आणि एक ओळ चवळी असं पेरलं तर प्रथिनं मिळतात, जमीन झाकली जाते. ज्वारी फसली तरी चवळी हाताला लागते.

बाजरी (जायंट बाजरा, बायफ बाजरा-१): एकरी ४ किलो. उन्हाळ्यात नदीचं पाणी बेभरवशाचं असेल तर मक्याऐवजी हीच. पन्नास-पंचावन्न दिवसांत तोडा येतो आणि तिच्यात ज्वारीतलं किरळीचं विष (ते पुढे येईल) नसतं.

ओट (केंट, फुले हरिता): ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, एकरी ४० किलो. पहिला तोडा पन्नास दिवसांनी, तीन-चार इंच ठेवून, दुसरा निम्म्या फुलोऱ्यात. डिसेंबरात पेरलेल्या ओटाचा दुसरा तोडा मार्चच्या उन्हात करपतो. हल्ली मार्च लवकर तापतो, तेव्हा उशीर झाला असेल तर ओट सोडून द्या.

लसूणघास (आरएल-८८): ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकरी १० किलो, निचऱ्याच्या जमिनीत, बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळून. पहिला तोडा ५० ते ५५ दिवसांनी, पुढे महिन्याच्या आत. बियाण्यात अमरवेलाचं बी असू शकतं, म्हणून खात्रीचंच घ्या. वेल दिसला तर तेवढा तुकडा घासासकट कापून जागीच जाळा. लसूणघास उपाशी जनावराला, दव असताना, एकटी घालू नका. पोटफुगीनं तासाभरात जनावर जातं. आधी कडबा, मग घास.

बांधावर दशरथ घास, शेवरी, शेवगा. सुबाभूळही चालतं, पण त्यात मायमोसिन हा विषारी घटक असतो, म्हणून हिरव्या वैरणीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा, नाही तर केस गळतात. दशरथ घासात ही भीती नाही.

घरात मातीशिवाय, पाण्यावर तयार होणारा हायड्रोपोनिक चारा दिसायला छान, पण एक किलो मक्यातून जे सात-आठ किलो हिरवं निघतं त्यात बहुतेक पाणीच असतं. कोरडा अंश मूळ दाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो. तीन जनावरांच्या गोठ्यानं त्यात पैसे घालू नयेत. अझोला (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) पूरक म्हणून ठीक.

ताण पडलेली वैरण विष होते

हा भाग नवख्यांना कुणी नीट सांगत नाही आणि नुकसान इथंच होतं. पाऊस गेला, पीक करपतंय, ‘निदान जनावरांना तरी घालू’ म्हणून कापून आणलं आणि गोठ्यात जनावर पडलं, असं होतं. वैरण तीच, फक्त ताणात तिची रसायनं बदललेली असतात.

ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. आपल्याकडे ‘किरळ लागणं’ म्हणतात ते हेच. कोवळी ज्वारी, ताणात सुकलेली ज्वारी, आणि सर्वांत वाईट म्हणजे कापणीनंतर किंवा कोरड पडून गेल्यावर पहिल्या पावसानं बुडख्यातून येणारी हिरवीगार फूट. नियम साधा: ज्वारी निम्मी फुलोऱ्यात येईपर्यंत कापायची नाही आणि खोडव्याच्या कोवळ्या फुटीवर जनावर सोडायचं नाही. पूर्ण वाळवलेल्या कडब्यात आणि नीट मुरलेल्या मुरघासात हे विष बरंच उतरतं. विषबाधेत जनावर धापा टाकतं, अडखळतं, हिरड्या भडक लाल दिसतात.

दुसरं विष नायट्रेटचं. मका, बाजरी, ओट, नेपिअर यांना युरिया दिला आणि लगेच उघडीप पडली, तर मुळं नत्र ओढतात पण पान ते पचवत नाही. नायट्रेट खोडाच्या खालच्या भागात साठतं. इथं हिरड्या निळसर-तपकिरी होतात आणि रक्त चॉकलेटी दिसतं. म्हणून ताणात युरिया थांबवा, युरियानंतर तीन आठवडे कापू नका, मोठ्या उघडिपीनंतर पाऊस आला तर आठ-दहा दिवस थांबा. कापावंच लागलं तर फूटभर बुडखा सोडून कापा आणि निम्म्याहून जास्त कडबा किंवा पिंजर (भाताचा पेंढा) मिसळा.

दोन्हींवर इंजेक्शनं आहेत, पण वेगवेगळी. डॉक्टरांना फोन करताना काय घातलं आणि त्या पिकाला शेवटचा युरिया कधी दिला हे आधी सांगा.

तिसरं जे आहे ते मारत नाही, हळूहळू खातं. नेपिअर, बाजरी आणि उसाचं वाडं या तिन्हींत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसतं वाडं खाणाऱ्या म्हशीचं दूध उतरतं, माज वेळेवर येत नाही. प्रत्येक मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि जोडीला द्विदल वैरण द्या.

मुरघास: नोव्हेंबरचा मका एप्रिलला, मार्चचा मका जुलैला

मुरघासासाठीचं वेळापत्रक असं बसवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला मका थंडीमुळे ९० ते १०० दिवस घेतो. फेब्रुवारीत भरा, एप्रिलच्या मध्यावर उघडा. त्याच जागेत मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मका किंवा बाजरी. मका असेल तर मेअखेर, पावसाळ्याच्या आधी भरा आणि जुलैच्या मध्यावर उघडा. पूर आला तर तुमच्या हातात ४५ दिवस आहेत; नाही आला तर मुरघास कुठं पळून जात नाही, हवाबंद राहिला तर वर्षभर टिकतो.

कापणी दाणा चिकातून घट्ट होत असताना. कणीस मोडून दाणा नखानं दाबा: दूध उडालं तर लवकर आहे, नख रुतलंच नाही तर उशीर झाला. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. पाणी ठिबकलं तर ओली आहे, एक दिवस सुकवा. गोळा लगेच विस्कटला तर कोरडी, मुरणार नाही. गोळा सावकाश उमलला तर भरायला घ्या.

खड्ड्याचं माप हीच नवख्यांची मोठी चूक. रोज मुरघासाच्या तोंडावरून निदान चार इंच जाडीचा थर काढला गेला पाहिजे, नाही तर हवा लागून बुरशी येते. तीन जनावरांना रोज ४५ किलो, म्हणजे तीन घनफूट. तेव्हा खड्डा तीन फूट रुंद, तीन फूट खोल, वीस फूट लांब, अरुंद आणि लांब. घनफुटाला १५ किलो धरून यात २७०० किलो बसतं, म्हणजे बरोबर साठ दिवसांचं. पाच-सहा फूट रुंद खड्डा तीन जनावरांच्या गोठ्याला परवडत नाही.

आतून जाड प्लॅस्टिक अंथरा. कुट्टी अर्धा ते पाऊण इंचाची. सहा इंचांचा थर टाकायचा आणि तुडवायचा, कडेला आणि कोपऱ्यात जास्त, कारण हवा तिथंच राहते. भरायला घेतलेला खड्डा त्याच दिवशी बंद झाला पाहिजे. वर फूटभर फुगवटा, प्लॅस्टिक, त्यावर माती किंवा वाळूच्या पिशव्या. मक्याला वेगळं काही लागत नाही. नेपिअरचा मुरघास करायचा असेल तर त्यात साखर कमी असते, म्हणून अर्धा दिवस सुकवून टनाला १० ते २० किलो काकवी किंवा हलका गूळ पाण्यात कालवून शिंपडा. गुऱ्हाळाच्या मुलखात ही वस्तू शोधावी लागत नाही.

४५ दिवसांनी उघडा. पिवळसर हिरवा रंग आणि आंबट, थोडा ताकासारखा वास म्हणजे जमलं. काळपट, चिकट, कुजका वास म्हणजे ओलं भरलं होतं. पांढरी-निळी बुरशी म्हणजे हवा शिरली. बुरशीचा भाग काढून फेका, ‘थोडा चालेल’ नाही, आणि गाभण जनावराला तर नाहीच. पहिला आठवडा पाच किलोपासून वाढवत न्या आणि धार काढून झाल्यावर घाला, म्हणजे दुधाला वास लागत नाही.

पूररेषेतल्या गावांनी खड्डा करूच नये. आतून प्लॅस्टिकची पिशवी असलेल्या ५० किलोच्या गोण्या भरा. खर्च थोडा जास्त, पण गोणी माळ्यावर चढते आणि जनावरं हलवायची वेळ आली तर टेम्पोत सोबत जाते. खड्डा तुमच्याबरोबर येत नाही. एक गोणी म्हणजे तीन जनावरांचा एक दिवस, हिशोबही सोपा. गोण्यांना उंदीर भोकं पाडतात. भिंतीपासून फूटभर लांब, फळीवर ठेवा आणि भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

वाळली वैरण

शाळूचा कडबा आणि भाताचं पिंजर. गंज जमिनीपासून दोन फूट उंच ओट्यावर, २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर रचा. पिंजराचा कस वाढवायचा असेल तर १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत झारीनं शिंपडा, दाबा, प्लॅस्टिकनं झाका आणि २१ दिवस ठेवा. घालण्याआधी तासभर उघड्यावर पसरा, अमोनियाचा वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासरा-रेडकांना हे नको, आणि युरियाचं पाणी जनावर पिऊ शकेल अशा जागी क्षणभरही ठेवू नका.

पाणी ओसरल्यावर

गाळ बसलेली वैरण जनावराला घालू नका आणि तिचा मुरघासही करू नका. माती आत गेली की तो कुजतो. भिजून बुरशी आलेला कडबाही टाकून द्या, कारण बुरशीचं विष दुधात उतरतं. बुडालेल्या नेपिअरमधलं पाणी आधी चर काढून बाहेर काढा. वापसा आला की सहा इंचांवर कापा आणि तो चारा कंपोस्टला टाका. दहा दिवसांत नवे कोंब आले नाहीत ती बेटं उपटा, शिल्लक वाफ्यातलं बेणं घेऊन तुटाळी भरा. कोंब हातभर झाल्यावरच युरिया द्या. त्याआधी दिलेला वाया जातो. रिकाम्या मळीत ऑक्टोबरची वाट न बघता सप्टेंबरात वापसा येताच चवळी किंवा बाजरी टाका. पन्नास-साठ दिवसांत कापणीला येते आणि ओटाची पेरणी फारशी मागे पडत नाही.